काळी गाडी, पांढरं मीठ

न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक मिठागर अजून उरलं आहे. दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या भर दुपारी मित्राच्या बाबांची काळी प्रीमियर पद्मिनी आम्ही तिथल्या बांधापाशी उभी केली. पुढच्या आठवड्यात ती भंगारात जाणार होती. मी फिल्म कॅमेऱ्याने तिचे सहा फोटो काढले, आणि प्रत्येक वेळी मीटरचा काटा इमानदारीत मध्यावर आणला. रोल धुऊन आला तेव्हा मिठाचे ढीग करडे दिसत होते आणि गाडीच्या जागी एक काळा डाग होता. दार नाही, चाकं नाहीत, स्टिअरिंगमागे बसलेले काका नाहीत. काकांनी फोटो हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "गाडी कुठाय?"

चूक माझीच होती. पण ती समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

इंग्लंडमधल्या विडनेस या कारखान्यांच्या गावात फर्डिनांड हर्टर नावाचा रसायनतज्ज्ञ आणि व्हेरो ड्रिफील्ड नावाचा इंजिनिअर काम करायचे. दोघेही हौशी फोटोग्राफर. एक्स्पोजर अंदाजाने ठरवणं त्यांना पटत नव्हतं. १८८८ साली त्यांनी तारीख, वेळ आणि अक्षांशावरून उजेडाचा हिशोब करणारी एक सरकपट्टी बनवली. १८९० साली त्यांनी आणखी मोठं काम केलं. किती उजेड पडला की प्लेट किती काळी होते, याचा आलेख काढला. तो सरळ रेषेत जात नाही. सुरुवातीला आडवा पडलेला असतो, मग चढतो, आणि वर जाऊन पुन्हा वाकतो.

त्या आडव्या भागातच आमची गाडी हरवली. उजेड एका मर्यादेपेक्षा कमी पडला, तर फिल्म त्याची नोंदच घेत नाही. उजेड न लागलेली चांदी धुण्याच्या वेळी निघून जाते आणि काचेसारखी स्वच्छ पट्टी उरते. तिथून नंतर काहीही परत आणता येत नाही. उलट निगेटिव्हवर थोडा जास्त उजेड पडला, तर प्रिंट करताना बरंच सावरता येतं. स्लाइड फिल्मचं नेमकं उलटं: तिथे जास्त उजेड पडला की उजळ भाग कायमचा जातो. म्हणून जुने लोक निगेटिव्हचं एक्स्पोजर सावलीकडे बघून ठरवायचे.

मीटर यायच्या आधी फिल्मच्या खोक्यातला कागद हाच गुरू होता. त्यामागचा साधा नियम आजही चालतो. लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर एफ १६, आणि शटर फिल्मच्या आकड्याइतकं. म्हणजे १०० आयएसओच्या फिल्मला साधारण १/१२५ सेकंद. आपल्याकडे अनेक घरांतला पहिला कॅमेरा होता बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री. त्यात ऊन की ढग, एवढंच निवडायचं. एका रोलमध्ये फोटो बारा. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समध्ये १९६७पासून फिल्म तयार होऊ लागली, आणि 'इंदू' हे नाव फोटो स्टुडिओंच्या फळ्यांवर दिसू लागलं. बाराच फोटो म्हटल्यावर नव्या गाडीला एखादाच मिळायचा. हार घातलेली फियाट, शेजारी पांढऱ्या शर्टातले आजोबा. घरचा अल्बम काढून बघा. बहुतेक वेळा शर्ट नीट आलेला असतो नाहीतर गाडी.

१९३२मध्ये अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीने विजेवर चालणारा मीटर बाजारात आणला. उजेड पडला की त्यातल्या सेलमध्ये वीज तयार होते आणि काटा हलतो. पुढे असे मीटर कॅमेऱ्याच्या पोटातच बसले. पण मीटरला गाडी, मीठ, माणूस यातलं काही कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम करडं आहे, असं तो धरून चालतो. पांढरी अँबॅसॅडर फ्रेमभर घेतली तर तो उजेड कमी करायला लावतो, आणि टायर व चाकांवरच्या कमानी काळ्या पडतात. काळी गाडी फ्रेमभर घेतली तर तो उजेड वाढवायला लावतो, आणि गाडी राखाडी होते. माझ्या फ्रेममध्ये बहुतेक मीठच होतं. मीटरने मिठाकडे बघून १/५०० सांगितलं. काळं दार दिसायला १/६० लागलं असतं, म्हणजे आठपटीहून जास्त उजेड.

उपाय जुनाच आहे आणि फुकट आहे. गाडीवर पडतंय त्याच उन्हात आपला तळहात धरायचा, मीटर त्याच्यावर लावायचा आणि एक स्टॉप वाढवायचा, कारण तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो. गाडी काळी असेल तर आणखी एक स्टॉप. हे मला ठाऊक होतं, पण काट्यावर विसंबून राहिलो.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४पासून फियाट ११०० डिलाइट बनायची, तिचीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. त्याच्यासाठी शेवा कोळीवाडा उठला, मिठागरं आणि भातखाचरं बुजली. त्या काळी इथे कॅमेरा घेऊन कोणी आलं असेल, तर उन्हात चकाकणारं मीठ की सावलीतलं घर, यातलं काय राखायचं हे त्यालाही ठरवावं लागलं असणार.

आज तुमचा फोन एका फोटोसाठी अनेक फोटो घेतो आणि जोडतो, म्हणून हा प्रश्न सहसा समोर येत नाही. पण काळ्या गाडीवर बोट ठेवून बघा. सगळं दृश्य फिकं होतं, आणि सूर्याचं छोटं चिन्ह खाली ओढावं लागतं. काय दिसायला हवं हे तिथेही तुम्हीच सांगता.

त्या सहा निगेटिव्ह मी ठेवल्या आहेत. एकीत मिठाच्या प्रकाशात बंपरची बारीक रेघ दिसते. काकांनी तीच प्रिंट मागून घेतली.