तोरणमाळचा ळ

तोरणमाळ, तोरणमाल, तोरणमल, तोरनमाल. नंदुरबार जिल्ह्यातील एकाच पठाराची ही चार उच्चाररूपे आज सर्रास कानावर पडतात. जुन्या इंग्रजी कागदांत पाचवेही सापडते: तुरनमाल. यांतील खरे कोणते, हा वाद सहलीच्या गटांत दरवर्षी पावसाळा लागला की उफाळतो. त्या वादाचा इतिहास मात्र त्याहून पुष्कळ रंजक आहे.

प्रथम जागा. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर अशी वाट धरली की सातपुड्याची भिंत समोर येते. सात पायरीचा वळणावळणांचा घाट चढून गेले की सुमारे 1,150 मीटर उंचीवर एकाएकी सपाट भूमी लागते. वर यशवंत तलाव, कमळ तलाव, सीताखाईची दरी, गोरक्षनाथाचे मंदिर आणि मच्छिंद्रनाथाची गुहा. महाशिवरात्रीच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात या तिन्ही राज्यांतून लोक येतात. एका गावाच्या नावाला इतकी रूपे का फुटली, याचे निम्मे उत्तर या यात्रेतच आहे.

आता नाव. पहिल्या अर्ध्या भागाबद्दल फारसे भांडण नाही. 'तोरण' हे दारावरच्या तोरणाचे नाव आहे, तसेच ते एका काटेरी झुडपाचेही नाव आहे. उन्हाळ्यात त्याला पांढरी, गोडसर फळे येतात. सह्याद्रीत ती आवडीने खाल्ली जातात. वनस्पतिशास्त्रात हे झुडूप बोराच्याच कुळातले. शिवचरित्रातील तोरणा किल्ल्याच्या नावाचा संबंधही याच झुडपाशी जोडतात आणि त्या किल्ल्यावर तोरणजाई देवीचे स्थान आहे. तोरणमाळलाही तोरणादेवी आहे. झुडपावरून देवी आणि देवीवरून डोंगर, की देवीवरून थेट डोंगर, हा क्रम कसाही लावा. दोन्ही ठिकाणी जोडी तीच आहे.

गोम आहे ती 'माळ' मध्ये. मराठीत या एका शब्दाचे दोन अर्थ आणि दोन लिंगे आहेत. ती माळ म्हणजे ओवलेली सर. तो माळ म्हणजे उंचावरची मोकळी, सपाट जमीन. पर्यटनाच्या माहितीपत्रकांना पहिला अर्थ प्रिय आहे: तोरणाच्या झाडांची माळ. दिसायला मोहक, पण डोंगराची नावे इतकी शृंगारिक सहसा नसतात. सातपुड्यात घाट चढून गेल्यावर जे पायाखाली येते ते माळरानच होय. तोरणाच्या झुडपांचा माळ, हा साधा अर्थ अधिक पटतो.

हा 'माळ' किती जुना? कालिदासाच्या मेघदूतात यक्ष मेघाला वाट सांगताना, आम्रकूट पर्वत आणि रेवा नदी येण्यापूर्वी, नुकत्याच नांगरलेल्या उंच भूमीवर चढून जाण्यास सांगतो. त्या भूमीला कालिदासाने 'माल' म्हटले आहे आणि टीकाकार मल्लिनाथ त्याचा अर्थ डोंगराळ, उंच जागा असा देतो. काहींच्या मते ते एका प्रदेशाचे नाव आहे, पण उंच शेतजमीन हा अर्थ सर्वांना ठाऊक होता. रेवा म्हणजे नर्मदा. तीच नर्मदा नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा होऊन वाहते. मेघ तोरणमाळवरून गेला असे कोणी म्हणू नये; त्याची वाट बरीच पूर्वेकडची होती. शब्द मात्र या टापूला परका नाही.

संस्कृतातला 'माल' मराठीत 'माळ' कसा झाला, याला नियम आहे. दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत येताना ळ होतो: फल, फळ, कमल, कमळ, नील, निळा. प्राकृतात जिथे ल दुहेरी होता तिथे मात्र तो ल च राहिला. 'काळ' आणि 'काल' ही जोडी याचा उत्तम दाखला. पहिला शब्द संस्कृत 'काल' वरून आला, म्हणून ळ. दुसरा 'कल्य' वरून, मधल्या 'कल्ल' या रूपातून आला, म्हणून ल. एका अक्षराच्या आत दीड-दोन हजार वर्षांचा प्रवास असा दडलेला असतो. तोरणमाळ मधला ळ खरा असेल, तर 'मल्ल' किंवा तत्सम शब्दावरून हे नाव आले अशा व्युत्पत्ती आपोआप गळून पडतात. म्हणून या ळ ला महत्त्व.

हा ळ गेला कुठे? पहिला धक्का रोमन लिपीने दिला.

1880 साली कॅम्पबेलच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड प्रसिद्ध झाला. त्यात आणि पुढे इंपीरियल गॅझेटियरमध्ये हे नाव टी-यू या अक्षरांनी सुरू होते, म्हणजे वाचणाऱ्याच्या तोंडी 'तुरन'. ऐकणाऱ्या इंग्रजाच्या कानाला ऱ्हस्व ओ आणि उ यांतला फरक जाणवला नसावा. फारसी वाङ्मयात मुरलेल्या एखाद्या कारकुनाला त्यात मध्य आशियातील तुराण दिसले असते, तरी नवल नव्हते!

स्वातंत्र्यानंतर यू जाऊन ओ आला, पण रोमन लिपीची मूळ उणीव राहिलीच. इंग्रजीतले आजचे रूप अक्षर न् अक्षर पाहा. टी हा त असू शकतो किंवा ट. दोन्ही ए हे अ किंवा आ. एन हा न किंवा ण. एल हा ल किंवा ळ. पाच जागी दोन-दोन पर्याय, म्हणजे एकूण 32 वाचने! त्यांतले एकच मराठीतले. पुण्या-मुंबईचा जो तरुण हे नाव प्रथम फोनवरच्या नकाशात इंग्रजीत वाचतो, तो 'तोरणमल' म्हणतो तेव्हा त्याची चूक फार मोठी नाही. त्याच्यापुढे उत्तर पुसून फक्त प्रश्न ठेवलेला असतो.

दुसरा धक्का हिंदीचा. इथे एक समज दुरुस्त करायला हवा. 'हिंदीवाल्यांना ळ म्हणता येत नाही' असे सरसकट बोलले जाते. खेतिया, सेंधवा, बडवानी या सीमेपलीकडच्या भागाची बोली निमाडी, आणि निमाडीत ळ आहे. माळवीतही आहे, तिकडच्या बोलीत 'माळवो' असेच म्हणतात. ळ नाही तो शाळेत शिकवल्या जाणाऱ्या प्रमाण हिंदीच्या वर्णमालेत. म्हणून मराठीत जो माळवा, तो हिंदी पुस्तकात 'मालवा' होतो. महाबळेश्वराचे 'महाबलेश्वर' होते आणि तोरणमाळचे 'तोरणमाल'. यात्रेकरूच्या जिभेवर ळ असतो, छापणाऱ्याच्या खिळ्यांत नसतो. गुजराती लिपीत ळ साठी स्वतंत्र अक्षर आहे, त्यामुळे त्या बाजूने येणाऱ्या भाविकाला ही अडचणच पडत नाही.

सीमेपलीकडे बडवानी जिल्ह्यात पानसेमल नावाचे गाव आहे. त्यातला 'मल' आणि इथला 'माळ' एकच, असे झटकन म्हणावेसे वाटते. पण नुसत्या साम्यावर व्युत्पत्ती उभारणे धोक्याचे. तो मोह इथे आवरलेला बरा.

इथवरची कथा मराठी वाचकाला सुखावणारी आहे: ळ आपला, घालवला दुसऱ्यांनी. पण घाटाखालच्या खानदेशात चित्र बदलते. अहिराणीत ळ पुष्कळदा य होतो: डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. ण चाही न होतो: पाणी म्हणजे पानी. म्हणजे 'तोरनमाल' मधला न हा हिंदीचाच प्रताप आहे असे नाही; तो घरचाही असू शकतो. आणि खुद्द पठारावर व भोवतालच्या अक्राणी तालुक्यात अहिराणीही मुख्य नाही. तिथे पावरी आहे, भिलीच्या बोली आहेत. ग्रियर्सनने भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग 1907 साली काढला. त्यात त्याने खानदेशी बोलीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ल भाषांच्या शेजारी बसवले. हे वर्गीकरण अनेकांना मान्य नाही, पण एवढे त्यातून कळते की या टापूत प्रमाण मराठी ही अनेकांपैकी एक भाषा आहे, आणि तीही कचेरी, शाळा व एस. टी. यांच्यामार्फत वर चढलेली. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने राज्याच्या कारभाराची भाषा मराठी ठरली. कागदावरचा ळ त्यामुळे पक्का झाला.

मग 'शुद्ध' उच्चार कोणाचा? याच तालुक्यातले दुसरे एक नाव इथे मदतीला येते. तोरणमाळहूनही उंच, सुमारे 1,325 मीटरचे एक शिखर अक्राणीत आहे. लोक त्याला अस्तंबा किंवा अस्तंभा म्हणतात. दिवाळीच्या दिवसांत आदिवासी भाविकांची यात्रा रात्री मशाली, विजेऱ्या घेऊन हे शिखर चढते. लिहिणारी माणसे या नावाचा खुलासा 'अश्वत्थामा' असा करतात: कपाळावरची जखम घेऊन भटकणारा महाभारतातला चिरंजीव. कथा यात्रेकरूही सांगतात आणि ती त्यांचीच आहे. पण म्हणून 'अस्तंबा' हा 'अश्वत्थामा'चा अपभ्रंश आणि तो सुधारून लिहिला पाहिजे, असा आग्रह धरला की काहीतरी निसटते. शिखर चढणारे ज्या नावाने हाक मारतात, ते नाव 'चुकीचे' ठरते आणि न चढणाऱ्यांचे बरोबर.

तोरणमाळच्या ळ कडेही याच नजरेने पाहावे लागते. भाषेच्या इतिहासात तो सर्वांत भक्कम आहे, कारण त्यात अर्थ जिवंत राहतो. 'मल' म्हटले की माळ दिसेनासा होतो. पण पावरी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी तो थोडा वेगळा उमटला, तर ती चूक मोजण्याचा अधिकार पायथ्याच्या कोणाला नाही. नकाशाच्या 'तोरणमल'ला दुरुस्त करणे वेगळे आणि पठारावरच्या माणसाला दुरुस्त करणे वेगळे.

जिल्ह्याच्या नावालाही हे नवे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादहून गुजरातकडे जाताना नंदुरबारला आला. इथल्या मराठ्यांबद्दल त्याने लिहिले. त्याच्या अरबी मजकुरात गावाचे नाव 'नधुरबार' असे काहीसे उमटले आहे. अकबराच्या काळी आइन-ए-अकबरीत नंदुरबार हे माळव्याच्या सुभ्यातले एक सरकार म्हणून नोंदले गेले. आजही कोणी नंदुरबार लिहितो, कोणी नंदूरबार. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा पाटीवर ऱ्हस्व दु आला.

महाबळेश्वरचे नशीब वेगळे होते. गव्हर्नर माल्कमने 1828 च्या सुमारास तिथे आरोग्यस्थान वसवले, पेठेला त्याचे नाव मिळाले आणि गोऱ्या साहेबांच्या येण्याजाण्याने नावाचे इंग्रजी रूपही रुळले. तोरणमाळला असा कोणी माल्कम लाभला नाही. गाड्यांची रांग इथे अलीकडे लागू लागली, आणि ती फोनवरचा नकाशा पाहत घाट चढते. फोनमधला आवाज राणीपूरपाशी सांगतो, 'तोरणमल, पुढे सरळ.' शेजारून जाणाऱ्या जीपच्या टपावर बसलेली माणसे वर आपल्या गावी निघालेली असतात.