संगमरवरी मोटारींची गोष्ट

संगमरवर म्हटलं की आपल्याला ताजमहाल आठवतो, फार तर देवघर. पण मंडळी, अमेरिकेत तो चक्क मोटारीच्या दारावर आणि बॉनेटवर (हो, इथे हूड म्हणायचं!) पाहायला मिळतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण मुलं जुन्या गाड्या घेऊन गॅरेजमध्ये मनासारख्या रंगवू लागली. जो बेलॉन या कारागिराने चमकदार थरावर पारदर्शक लाल रंग चढवून 'कँडी ॲपल रेड' लोकप्रिय केला. संगमरवरी काम याच घराण्यातलं. काळ्या रंगावर मोत्यासारखी चमक असलेला पातळ थर मारायचा, आणि तो ओला असतानाच त्यावर स्वयंपाकघरातलं चुरगाळलेलं प्लॅस्टिक दाबून अलगद उचलायचं. सुरकुत्यांच्या जागी शिरा उमटतात. त्यावर पारदर्शक रंग, शेवटी क्लिअर कोट. हाताला मिळतात जेमतेम काही मिनिटं. दोन नक्ष्या कधीच सारख्या येत नाहीत, त्यामुळे एक दार चेपलं की जुळवणी विसराच.

मला हे पाहून विजापूर आठवलं. तिथले चित्रकार घट्ट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवून कागदावर उचलत. याला म्हणत 'अब्री', फारसी 'अब्र' म्हणजे ढग. हाडं निघालेला घोडा आणि त्याचा स्वार असं एक अब्री चित्र न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे आहे. ते १६२५ च्या सुमाराचं, म्हणजे शिवजन्माच्या थोडं आधीचं. दोन्ही कलांचा संबंध नाही, पण ओल्या रंगाला थोडं त्याच्या मर्जीने जाऊ द्यायचं, ही युक्ती तीच.

विजापूरला दरबाराचा आश्रय होता. इथे मात्र पोलीस मागे! अशा रंगकामाची हौस सर्वात जास्त जोपासली ती मेक्सिकन-अमेरिकन 'लोरायडर' मंडळींनी. गाडी जमिनीलगत उतरवायची आणि संध्याकाळी सावकाश मिरवायची, हा त्यांचा शौक. कॅलिफोर्नियाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस गाड्या फार खाली उतरवणं बेकायदा ठरवलं. १९८० च्या दशकात शहरांना मिरवण्यावरच बंदी घालायची मुभा मिळाली. कायद्यात गाडीचं नाव असलं, तरी रोख माणसांवर होता असं माझं मत आहे.

१९६४ ची शेव्हरोले इम्पाला 'जिप्सी रोझ' (हिच्यावर संगमरवर नाही, हाताने काढलेले गुलाब आहेत) २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मानाने ठेवली गेली. तिच्या स्वतःच्या राज्यात मात्र ते कायदे १ जानेवारी २०२४ ला गेले. तिचे मालक जेसी व्हॅलादेझ २०११ मध्येच वारले होते.