दुरुस्तीला दिलेल्या वाहनाचे गॅरेजमध्ये नुकसान झाले तर भरपाई कशी मागावी

वाहन दुरुस्तीला दिले आणि गॅरेजच्या कामामुळे ते आणखी बिघडले, तर त्या नुकसानीची भरपाई मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. हा हक्क ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने दिला आहे. वाहन दुचाकी असो, रिक्षा असो, कर्ज किंवा अनुदान घेऊन घेतलेली ई-रिक्षा असो वा दिव्यांग व्यक्तीची बाजूची चाके लावलेली स्कूटर असो, नियम एकच आहे. गॅरेज मोठ्या कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर असले किंवा रस्त्याच्या कडेचे एका माणसाचे असले, तरीही फरक पडत नाही. पैसे घेऊन काम केले म्हणजे ते ‘सेवा देणारे’ झाले.

रिक्षा बंद पडली की त्या दिवसाची कमाई जाते, पण कर्जाचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे बरेच जण वाद न घालता दुसरीकडे पैसे भरून गाडी सुरू करून घेतात. गाडी लवकर सुरू करणे योग्यच आहे. मात्र त्याआधी एक-दोन दिवसांत काही गोष्टी केल्या नाहीत, तर पुढे भरपाईचा दावा उभाच राहत नाही. म्हणून ही माहिती त्या एक-दोन दिवसांपासून सुरू करत आहोत.

नुकसान लक्षात आल्यावर पहिले काम

एक नेहमी घडणारे उदाहरण घ्या. तुम्ही रिक्षाचे ऑइल बदलून घेतले. फिटरने खालचा ड्रेन बोल्ट नीट आवळला नाही, किंवा जास्त आवळून त्याचे आटे घालवले. वीस-पंचवीस किलोमीटरवर सगळे ऑइल गळून गेले आणि इंजिन जाम झाले. तुम्ही गॅरेजवाल्याला फोन करता. तो म्हणतो, ‘ढकलत आणा, बघतो.’

लगेच नेऊ नका. त्याने इंजिन उघडले, नवा बोल्ट बसवला आणि ऑइल भरले, की चूक कोणाची हे दाखवणारी खूणच नाहीशी होते. नंतर तो एवढेच सांगेल की ‘इंजिन जुनेच होते, आधीपासून खराब होते.’ बहुतेक वाद याच एका वाक्यावर अडतात. म्हणून गाडी जिथे बंद पडली तिथेच मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ घ्या: किलोमीटरचा आकडा, रस्त्यावर सांडलेले ऑइल, बोल्टची जागा, डॅशबोर्डवरचा दिवा. बिलावरचा किलोमीटरचा आकडा आणि बंद पडतानाचा आकडा यांतले अंतर जितके कमी, तितकी तुमची बाजू भक्कम.

त्यानंतर गाडी दुसऱ्या, शक्यतो अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा आणि तपासणीचा लेखी अहवाल घ्या. ‘इंजिन खराब’ एवढे लिहून चालत नाही. काय खराब झाले, कशामुळे झाले आणि दुरुस्तीला किती खर्च येईल, हे तिन्ही त्यात असावे. खाली सही, तारीख आणि गॅरेजचा शिक्का हवा. नुकसान मोठे असेल तर परवानाधारक वाहन सर्वेक्षकाकडून अहवाल घेता येतो. त्याची फी तुम्हाला भरावी लागते, ती नंतर दाव्यात मागता येते. काढलेले खराब पार्ट फेकू देऊ नका. पिशवीत घालून, तारीख लिहून घरी ठेवा.

ई-रिक्षाच्या बाबतीत आणखी एक. बॅटरीच्या तारा उलट जोडल्या की कंट्रोलर जळतो, आणि हे बाहेरच्या गॅरेजमध्ये अनेकदा घडते. अशा वेळी बॅटरीचा पॅक कोणालाही उघडू देऊ नका. तो उघडला गेला असेल तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, आणि मग गॅरेजही हात वर करते, कंपनीही.

कायदा काय सांगतो

सेवेत असलेला दोष, अपुरेपणा किंवा निष्काळजीपणा याला कायद्याने ‘सेवेतील त्रुटी’ म्हटले आहे. माहिती मुद्दाम लपवणे हेही त्यातच येते. जसे, नवा पार्ट टाकला असे सांगून जुना टाकणे. सेवा देऊन बिल किंवा पावती न देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. तुम्ही पैसे दिले आणि बिल मिळाले नाही, तर तो दोष तुमचा नाही, त्याचा आहे.

याशिवाय भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. तुम्ही चावी देता तेव्हा वाहन गॅरेजच्या ताब्यात जाते. ताब्यात घेतलेल्या वस्तूची, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घेणे हे गॅरेजवर बंधनकारक आहे. दुरुस्तीला दिलेली दुचाकी गॅरेजमधल्या मुलाने स्वतःच्या कामासाठी फिरवली आणि आपटली, तर ‘त्याची चूक नव्हती, समोरचा आला’ हे उत्तर चालत नाही. परवानगीशिवाय वापर केला की नुकसानीची जबाबदारी ताब्यात घेणाऱ्याचीच असते. ट्रायल मारणे मात्र कामाचा भाग आहे. तिथे निष्काळजीपणा होता का, हे पाहिले जाते.

‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी बऱ्याच गॅरेजमध्ये असते, काही जण बिलाच्या मागेही तेच छापतात. तेवढ्याने जबाबदारी संपत नाही. ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितले, की पार्किंगसाठी गाडी हॉटेलच्या ताब्यात दिल्यावर स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा अटीने झटकता येत नाही. निकाल हॉटेलच्या पार्किंगचा आहे, पण ताब्यात दिलेल्या गाडीचा मुद्दा तोच असल्याने त्याचा आधार तुम्ही घेऊ शकता.

‘रिक्षा धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असे सांगितले तर

ही हरकत हमखास घेतली जाते, आणि ती ऐकून अनेक रिक्षाचालक माघारी फिरतात. व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही हे खरे. पण स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी घेतलेल्या आणि वापरलेल्या वस्तूचा वापर ‘व्यापारी हेतू’ धरायचा नाही, असे याच कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. तुम्ही स्वतः रिक्षा चालवता, तेच तुमचे पोट आहे, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि परवाना, बॅज व परमिटची प्रत जोडा. तीन-चार रिक्षा भाड्याने देणाऱ्याला मात्र हा आधार मिळणे कठीण आहे.

वाहन पतीच्या किंवा वडिलांच्या नावावर आहे आणि वापरता तुम्ही, तरी मालकाच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी व्यक्ती म्हणून तुम्ही ग्राहक ठरता.

पैसे द्यावेत का, गाडी सोडवावी का?

गॅरेजवाला म्हणतो, बिल भरल्याशिवाय गाडी मिळणार नाही. केलेल्या कामाच्या मजुरीसाठी गाडी अडवून ठेवण्याचा अधिकार करार कायद्याने त्याला दिला आहे, म्हणून जबरदस्तीने गाडी नेण्याच्या भानगडीत पडू नका. पैसे भरा, पण बिलावर किंवा जॉबकार्डवर स्वतःच्या हाताने लिहा: ‘हरकत राखून पैसे दिले. गाडीत पुढील नुकसान आढळले.’ खाली नुकसान लिहा, सही करा आणि फोटो काढा. तो लिहू देत नसेल तर तिथेच उभे राहून व्हॉट्सअॅपवर हाच मजकूर त्याला पाठवा. ‘काम समाधानकारक झाले’ असे छापलेल्या कागदावर न वाचता सही करू नका. पैसे शक्यतो यूपीआयने द्या. बिल नसले तरी व्यवहाराची नोंद राहते.

वाद मिटेपर्यंत गाडी त्याच्याच दारात महिनोन्महिने उभी ठेवणे शहाणपणाचे नाही. टाळता येण्यासारखे नुकसान तुम्ही टाळले का, हे भरपाई ठरवताना पाहिले जाते. शिवाय गाडी उभी राहून आणखी खराब होते. अहवाल आणि फोटो हाताशी आले की दुसरीकडे दुरुस्त करून घ्या, बिल जपून ठेवा.

आधी नोटीस, मग तक्रार

गॅरेजला लेखी नोटीस द्या. वकील लागत नाही. साध्या कागदावर पुढीलप्रमाणे लिहून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा:

‘मी दि. … रोजी वाहन क्र. … आपल्याकडे … या कामासाठी दिले. रु. … भरले. दि. … रोजी, … किलोमीटर चालल्यावर … हे नुकसान झाले. तपासणी अहवालानुसार त्याचे कारण … हे आहे. दुरुस्तीचा खर्च रु. … आणि … दिवसांचे बुडालेले उत्पन्न रु. … १५ दिवसांत द्यावे, अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.’

अनेक वादांत एवढ्यानेच गॅरेजवाला बोलणीला येतो. तडजोड झाली तर ती कागदावर घ्या, रक्कम आणि तारीख लिहून.

उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येते, त्यामुळे इंदूर, सुरत किंवा बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसालाही अडचण नाही. ही सेवा मोफत आहे. हेल्पलाइन न्यायालय नाही. ती तुमची तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून उत्तर मागते. त्यामुळे मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाबत तिचा चांगला उपयोग होतो, कोपऱ्यावरच्या गॅरेजबाबत कमी. तिथे सरळ जिल्हा आयोगाकडे गेलेले बरे.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार

घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात असले तरी तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे ती करता येते. गावी जाताना वाटेत गाडी दुरुस्त केली आणि घरी पोहोचल्यावर बिघाड कळला, अशा वेळी ही तरतूद फार उपयोगी पडते.

शुल्काबद्दल बराच गैरसमज आहे. शुल्क गाडीच्या किमतीवर किंवा मागितलेल्या भरपाईवर नाही, तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. ती रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. दुरुस्तीचे बिल त्यापुढे क्वचितच जाते, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला तक्रार मोफत आहे.

तक्रार जिल्हा आयोगाच्या कार्यालयात किंवा ई-जागृति या सरकारी संकेतस्थळावर नोंदवता येते. सोबत प्रतिज्ञापत्र, ओळख व पत्त्याचा पुरावा, आरसी, बिल किंवा यूपीआयची नोंद, फोटो, तपासणी अहवाल, दुसऱ्या गॅरेजचे बिल आणि नोटिशीची पोस्टाची पावती जोडा. बुडालेली कमाई मागायची असेल तर आकडा अंदाजाने टाकू नका. आधीच्या दोन-तीन महिन्यांचे बँक खात्याचे उतारे, क्यूआर कोडवर जमा झालेल्या रकमा किंवा अॅपवरच्या फेऱ्यांचा हिशेब दाखवून रोजची सरासरी काढा आणि गाडी किती दिवस बंद होती त्याने गुणा. ‘मानसिक त्रासाचे ५ लाख’ असे आकडे लिहिल्याने फायदा होत नाही. कागदावर टिकणारी मागणी ठेवा.

गॅरेजला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, आयोग त्यात १५ दिवस वाढवू शकतो. साधी तक्रार तीन महिन्यांत आणि तपासणी लागणारी पाच महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा वाढतात, हे धरून चला. रोज बुडवून तारखेला जाणे शक्य नसेल तर व्हिडिओद्वारे सुनावणीसाठी अर्ज करता येतो. दोन्ही बाजू तयार असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवतो.

वकील नेमण्याची सक्ती नाही. हवाच असेल तर महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्नमर्यादेनुसार मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१००.

पोलिसांकडे कधी जावे

काम वाईट झाले, एवढ्यावरून पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत आणि त्यासाठी चौकीत फेऱ्या मारण्यात दिवस घालवू नका. पण गाडीतली चांगली बॅटरी काढून जुनी बसवली, पार्ट विकले किंवा गाडीच गायब केली, तर तो विश्वासघाताचा गुन्हा आहे. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. ट्रायलच्या वेळी कोणी जखमी झाले असेल तर पोलीस आणि विमा कंपनी या दोघांनाही त्याच दिवशी कळवा.

आदेश झाला, पण पैसे आले नाहीत

आयोगाने भरपाईचा आदेश दिल्यावर गॅरेजवाला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकतो, पण त्यासाठी आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, अशा वेळी त्याच जिल्हा आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की तिच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा. अंमलबजावणीच्या अर्जाला तीच जोडायची असते.