झुकणारी गाडी, पिळणारी सळई: तिकोणा पेठेच्या वाटेवरची एक यंत्रकथा

१/१८
कामशेतहून पवनानगरमार्गे तिकोणा पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर भरल्या हौद्याची पिकअप वळण घेते, तेव्हा तिचा सांगाडा वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘झोल खाते’. हा झोल आवरण्यासाठी आजच्या बहुतेक गाड्यांच्या पोटाखाली अंगठ्याएवढ्या जाडीची एक वाकवलेली पोलादी सळई असते. तिचे नाव अँटी-रोल बार. मेकॅनिक तिला ‘स्टॅबिलायझर’ म्हणतात. जुन्या जीपला आणि तिच्यावर बेतलेल्या पिकअपला मात्र ही सळई नव्हती. ती का नव्हती आणि आज बसवायची तर कशी निवडावी, हे समजून घ्यायला रस्त्यांचा इतिहास पाहावा लागतो.

२/१८
सुरुवात ‘पेठ’ या शब्दापासून करता येते. किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेली बाजारवस्ती म्हणजे पेठ. १६५७ च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या ताब्यात आलेला आणि १६६५ च्या पुरंदर तहात मोगलांना द्यावा लागलेला तिकोणा पवन मावळावर नजर ठेवून उभा होता. अशा गडांना लागणारे धान्य, मीठ, दारूगोळा मुख्यतः बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून येई. पाठीवर गोणी लादलेला बैल उतारावर स्वतःचा तोल स्वतः सांभाळतो. सह्याद्रीच्या अरुंद घाटवाटा अशाच पावलांसाठी घडल्या होत्या.

३/१८
चाकासाठी वेगळी वाट लागते. बोरघाटात चाकांच्या वाहतुकीला योग्य असा बांधीव रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत तयार झाला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला झाला. कोकण आणि देश यांच्यामध्ये बैलगाड्यांची रीघ सुरू झाली. १८६३ मध्ये त्याच घाटात रेल्वे चढली. तिचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांत १ फूट होता. मावळच्या डोंगररांगेत चाक आले आणि त्याच्याबरोबर तोल सांभाळण्याचा प्रश्नही आला.

४/१८
बैलगाडीवाल्याला तोलाचे शास्त्र ठाऊक होते. मागे जास्त भार पडून जोखड वर उचलले गेले, की गाडी ‘उलार’ झाली असे म्हणत. त्यावर उपाय भार पुढे सरकवण्याचा. पण जुन्या बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. सांगाडा थेट आसावर टेकलेला असल्यामुळे रस्ता जेवढा कलेल तेवढीच गाडी कलत असे. ती उलटू शकत होती. आजच्या अर्थाने झोल मात्र खात नव्हती.

५/१८
झोल आला तो सुखाबरोबर. १८०४ मध्ये इंग्लंडच्या ओबादाया इलियट याने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. पोलादाच्या लवचिक पट्ट्यांनी खड्ड्यांचे धक्के शोषले आणि प्रवास सुसह्य झाला. मात्र सांगाडा आता आसापासून सुटा झाला होता. वळणावर बाहेरच्या बाजूचा पाटा दबू लागला, आतल्या बाजूचा सैल पडू लागला. स्प्रिंग जितकी मऊ, तितके झुकणे अधिक. पुढे मोटारगाडीच्या वेगाने हा दोष धोक्याच्या पातळीला नेला.

६/१८
यावर दोन बाजूंनी उपाय झाले. रस्ता बांधणाऱ्यांनी वळणावर बाहेरची कड उंच आणि आतली कड खाली ठेवली. रेल्वेच्या रुळांनाही वळणावर असाच कल देतात. वाहन बांधणाऱ्यांनी सांगाड्याचे झुकणेच रोखायचे ठरवले. २२ एप्रिल १९१९ रोजी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना अशा सळईचे पेटंट मिळाले. ते या यंत्रभागाचे पहिले पेटंट मानले जाते.

७/१८
सळईची युक्ती साधी आहे. स्प्रिंगच्या पोलादाची सळई रुंद तोंडाच्या नालेसारखी वाकवलेली असते. तिचा मधला भाग रबरी बुशांत धरून चासीला टांगतात आणि दोन्ही टोके लहान दुव्यांनी (यांना ‘लिंक’ म्हणतात) दोन बाजूंच्या चाकांच्या जोडणीला अडकवतात. दोन्ही चाके एकदम वर गेली, तर सळई बुशांत नुसती फिरते आणि काहीच विरोध करत नाही. एकच बाजू दबली, की सळईला पीळ बसतो. तो पीळ उलगडण्याच्या धडपडीत ती झुकणारी बाजू उचलते आणि उचलली गेलेली बाजू खाली ओढते.

८/१८
मग १९४१ च्या विलिस जीपमध्ये ती का नव्हती? ते वाहन रणांगणासाठी होते. पुढचा व मागचा आस अखंड, चारही कोपऱ्यांना पाटे, आसांमधील अंतर ८० इंच आणि चाकांमधील रुंदी जेमतेम ४९ इंच. खड्ड्यात एक चाक खोल गेले तरी दुसरे जमिनीवर टेकलेले राहावे, ही तिची गरज होती. सळई दोन चाकांना एकमेकांशी बांधते आणि ओबडधोबड जमिनीवर ती चाकांची मोकळीक कमी करते. लष्कराच्या गरजेपुढे वळणावरचे झुकणे दुय्यम होते.

९/१८
हीच जीप महाराष्ट्रात रुजली. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलाद व्यापाराची कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. सुटे भाग आणून जीप जोडण्याचे काम मुंबईत माझगावला सुरू झाले. १९५४ पासून विलिस कंपनीच्या सहकार्याने टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष उत्पादन होऊ लागले. उंच बॉनेटची सीजे-३बी पुढे कित्येक दशके भारतीय रस्त्यांची ओळख बनून राहिली.

१०/१८
१९६५ मध्ये महिंद्रने एफसी-१५० हा छोटा मालवाहू ट्रक आणला. त्याची केबिन इंजिनाच्या वर होती, त्यामुळे आखूड लांबीतही मोठा हौदा मिळे. मूळ अमेरिकी एफसी-१५० मध्ये चाकांमधील रुंदी आरंभी सुमारे ४८ इंच, म्हणजे जवळजवळ जीपइतकीच होती. उंच केबिनला हा पाया अपुरा होता. काही काळातच तेथे ती सुमारे ५७ इंच करण्यात आली. सळई न लावता पाया रुंद करणे हासुद्धा स्थैर्याचाच उपाय, आणि मूलभूत उपाय.

११/१८
दरम्यान मावळही बदलत होते. १९७२ मध्ये पवना धरण पूर्ण झाले. जलाशयाच्या कडेने रस्ते वळले आणि तिकोणा पेठ, तुंग, लोहगड यांच्या पायथ्याशी मोटारी पोहोचू लागल्या. २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. शेतातून आणि कच्च्या वाटेवरून फिरण्यासाठी जन्मलेले वाहन आता गुळगुळीत डांबरावर दुप्पट वेगाने वळू लागले. जीप तीच राहिली, पण जमीन बदलली. जुन्या पिकअपला सळई बसवण्याची गरज या बदलातून निर्माण होते.

१२/१८
निवडीतला पहिला नियम म्हणजे आधी आजार ओळखावा. तुटका पाटा, शॅकलचे झिजलेले बुश, सैल यू-बोल्ट किंवा तेल गळणारा शॉक अॅब्सॉर्बर यांमुळेही गाडी डोलते. हे दोष तसेच ठेवून सळई लावली, तर दोष झाकला जातो, जात नाही. जुन्या गाडीचे पाटे खोलून, बुश बदलून, घट्ट करून आधी ती मूळ अवस्थेत आणावी. त्यानंतरही झोल उरला, तर सळईचा विचार करावा.

१३/१८
दुसरा प्रश्न जाडीचा, आणि इथेच उत्साही लोक फसतात. भरीव सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. बाकी मापे तीच ठेवून २२ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरची सळई घेतली, तर जाडी फक्त ३ मिलिमीटरने वाढते, पण ताठपणा सुमारे १.६७ पट होतो. २० ऐवजी २५ घेतली, तर जवळजवळ २.४४ पट. उलट बाजूंचे दांडे लांब केले की ताठपणा झपाट्याने घटतो. म्हणून दुसऱ्या गाडीची ‘बसते आहे’ एवढ्यावरून उचललेली सळई हा निव्वळ जुगार ठरतो.

१४/१८
तिसरा प्रश्न: पुढे की मागे? ज्या आसाला सळई अधिक ताठ, त्या आसाच्या बाहेरच्या चाकावर वळणात अधिक भार पडतो आणि त्या आसाची पकड तुलनेने आधी सुटते. पुढची पकड आधी सुटली, तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. चालकाला ते जाणवते आणि वेग कमी करता येतो. मागची आधी सुटली, तर शेपूट फिरते. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो आणि ओझ्यासाठी मागचे पाटे आधीच कडक असतात. म्हणून सामान्यतः सळईची सुरुवात पुढच्या आसापासून करतात. फक्त मागे जाड सळई लावणे पावसाळी घाटात विशेष घातक.

१५/१८
बसवताना मापे जागेवर घ्यावीत. पाटे पूर्ण दबले आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवले, तरी सळई ऑइल सम्प, स्टिअरिंगचे दांडे, ब्रेकची नळी किंवा टायर यांना लागता कामा नये. गाडी चाकांवर उभी असताना लिंक शक्य तितक्या उभ्या याव्यात, आणि रबरी बुशांचे नट त्याच स्थितीत, गाडीचे वजन चाकांवर असताना, शेवटचे आवळावेत. सळईला कधीही वेल्डिंग करू नये, तापवून वाकवू नये: तिचा प्राण उष्णतेच्या संस्कारात आहे आणि गॅरेजमधली ज्योत तो संस्कार पुसून टाकते.

१६/१८
जुन्या गाडीच्या बाबतीत एक ऐतिहासिक पेच उरतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, खासगी वापराच्या ५० वर्षांहून जुन्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करायची, तर ते मूळ स्वरूपात असावे लागते; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. अशा जीपच्या चासीला भोके पाडण्यापेक्षा क्लॅम्पने धरलेली, पुन्हा काढता येणारी सळई शहाणपणाची ठरते. काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेणे त्याहून शहाणपणाचे. जुने वाहन हेही एक साधन आहे. त्यावरची प्रत्येक नवी खूण पुढच्या अभ्यासकाला वाचावी लागते.

१७/१८
सर्वांत महत्त्वाची गोष्ट सळईच्या मर्यादेची. वाहन उलटण्याची शक्यता मुख्यतः चाकांमधील रुंदीचा निम्मा भाग आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते. रुंदी १४० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर असेल, तर गुणोत्तर १. हौद्यात माणसे उभी करून तो मध्य १०० वर गेला, तर ०.७. सळई झुकणे कमी करते. हे गुणोत्तर तिला फारसे बदलता येत नाही. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवरील ‘सिक्स्टी मिनिट्स’ने जीप सीजे-५ च्या उलटण्याचा प्रश्न मांडला, तेव्हा आखूड, अरुंद आणि उंच वाहनांची हीच अडचण जगासमोर आली. लग्नाचे वऱ्हाड किंवा जत्रेकरू हौद्यात भरून निघालेल्या गाडीला कोणतीही सळई वाचवू शकत नाही.

१८/१८
बैलगाडीवाला गाडी उलार झाली की भार हलवत असे. दोन शतकांनंतर वाहनाखाली पीळ खाणारी सळई आली, गणिते आली, नियम आले. तरी पहिला उपाय तोच आहे. भार खाली ठेवावा, मध्यावर ठेवावा, वळणाआधी वेग उतरवावा. त्यानंतर सळईचे काम सुरू होते. तिकोण्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या जीपखाली वाकून पाहिले आणि तिथे ही सळई दिसली नाही, तर तो कारागिराचा विसर समजू नये. ती गाडी एका वेगळ्या वाटेसाठी बांधली गेली होती, एवढाच त्याचा अर्थ. आजच्या वाटेवर तिला चालवणाऱ्याने तो ध्यानात ठेवायचा असतो.