काजूच्या नावातला बिब्बा

काजू हा शब्द परका आहे असं मालवणात सांगून बघा, कुणी ऐकून घेणार नाही. काजूगराची उसळ परकी? पण झाड ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते आणलं आणि नावही त्याच्याबरोबरच आलं. तिथले तुपी भाषा बोलणारे लोक त्याला ‘अकाजू’ म्हणत. पोर्तुगिजांच्या तोंडी पुढचा ‘अ’ गळला, गोव्यात उतरला तो ‘काजू’, आणि तेरेखोल ओलांडून आपल्याकडे आला तोही तसाच. इंग्रजांनी त्याचंच ‘कॅश्यू’ केलं. फ्रेंचांनी ‘अ’ राखला खरा, पण त्यांचा ‘अकाजू’ पुढे महोगनीच्या लाकडाला चिकटला.

स्पॅनिश माणूस मात्र काजूला ‘अनाकार्दो’ म्हणतो, इटालियन ‘अनाकार्दियो’. खरी गंमत इथे आहे. हे नाव मुळात काजूचं नव्हेच, आपल्या बिब्ब्याचं! युरोपला अमेरिका ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी बिब्बा अरबांच्या हातून तिथल्या वैद्यांकडे पोचला होता. हृदयाच्या आकाराचं फळ, म्हणून ग्रीक ‘कार्डिया’वरून ते झालं अ‍ॅनाकार्डियम. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यातला अनाकार्दो म्हणजे बिब्बाच.

काजूच्या नावात बिब्बा घातला तो वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने. १७५३ साली त्याने काजूचं बारसं केलं : अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटेल. पश्चिमेकडचा बिब्बा!

नाव उसनं असलं तरी नातं खरं आहे. दोन्हींची बी फुगलेल्या देठाच्या टोकाला, बाहेरच लोंबते. काजूचा तो देठ म्हणजे बोंडू. दोन्हींच्या टरफलात कातडी जाळणारं तेल. ओले काजू कापून गर काढणारी बाई आधी हाताला खोबरेल चोपडते, तरी चीक लागतोच. बिब्बा उतलेला ज्याने पाहिलाय, त्याला तिची काळी पडलेली, साल गेलेली बोटं बघून वेगळं काही सांगायला नको.

बिब्ब्याला पुढे लिनियसच्या मुलाने नवं नाव दिलं, सेमेकार्पस, म्हणजे खुणेचं फळ. धोबी त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करत, त्यावरून. जुनं नाव मागे शेपटासारखं उरलं : सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम. अख्ख्या कुळाचं नाव मात्र अ‍ॅनाकार्डिएसी पडलं, आणि त्यात आंबाही आला. म्हणजे देवगडचा हापूस आणि वेंगुर्ल्याचा काजू, दोघेही वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी बिब्ब्याचंच आडनाव लावतात.