जॉन वेस्ली यांचा अर्थविचार
मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते, इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्ली (१७०३–९१) यांनी १७६० मध्ये छापलेल्या एका प्रवचनात ख्रिस्ती कुटुंबाच्या पैशाला तीन नियम लावले : कष्टाने कमाई वाढवावी, चैन टाळून ती राखावी, आणि गरजा भागल्यावर उरेल ते गरजूंना द्यावे. पहिले दोनच नियम उचलले तर ही निव्वळ काटकसरीची शिकवण उरते; वेस्लींच्या मांडणीत मात्र तिसरा नियमच पहिल्या दोहोंना अर्थ देतो. म्हणूनच कमाईवरही त्यांची कडक बंधने होती. स्वतःची प्रकृती किंवा शेजाऱ्याचे हित बिघडवणारा धंदा त्यांना निषिद्ध होता. दारूविक्री त्यातच आली.

पृथ्वीवर धन साठवू नये ही येशूची शिकवण (मत्तय ६) बचतीच्या आड येते, असा आक्षेप घेता येईल. पण ही बचत तिजोरीसाठी नव्हतीच. ऑक्सफर्डच्या दिवसांतला, त्यांचाच मानला जाणारा हिशेब बोलका आहे : वार्षिक उत्पन्न ३० पौंड असताना खर्च २८ आणि दान २, उत्पन्न १२० वर गेले तरी खर्च २८च, दान ९२. १७४६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये गरिबांसाठी कर्जनिधी उभारला. त्यातून २० शिलिंगपर्यंत रक्कम मिळे आणि ती तीन महिन्यांत फेडायची असे. अशा शिस्तीतून भांडवलशाही वृत्तीच पोसली गेली, हा जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांचा मुद्दा वजनदार आहे. परंतु मेहनत व काटकसर यांतून श्रीमंती येते आणि श्रीमंतीने भक्ती ओसरते, हे वेस्लींनी स्वतःच ओळखले होते. त्यावर दानाखेरीज दुसरा उपाय त्यांना दिसत नव्हता.