मणी ओवणारे हात



आपल्या मंडळाच्या विक्रीत मण्यांच्या दागिन्यांचे टेबल अलीकडे सर्वांच्या आधी रिकामे होते. कोणी याला नवी हौस म्हणतात, तर कोणी दुपारच्या रिकामपणाचा उद्योग म्हणतात. मला ही दोन्ही म्हणणी पटत नाहीत. हे काम आपल्या मुलखात तीन हजार वर्षांपासून चालत आले आहे, आणि ते करणाऱ्या हातांना त्याचे मोल क्वचितच मिळाले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वाचनालयातल्या पुस्तकांतून जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवते.

ज्ञानेश्वर माउलींमुळे नेवासे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तेथे प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. शेतीवाडी करून राहणाऱ्या फार जुन्या लोकांची वस्ती तेथे निघाली. हे लोक आपली गेलेली मुले घरातल्या जमिनीखालीच पुरत. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. एरवी दोरा मातीत कुजून जातो, पण तांब्याच्या गंजामुळे या माळेतल्या दोऱ्याचे अवशेष टिकले. तपासणाऱ्यांना त्यात कापूस आणि रेशीम दिसले. पुणे जिल्ह्यातील चांडोली येथेही मुलाच्या गळ्यातली अशीच तांब्याची माळ सापडली. तिचा दोरा जवसाच्या वाखाचा होता. या माळा कोणी ओवल्या हे कोठे लिहिलेले नाही. मला मात्र तेथे आईचे नाही तर आजीचे हात दिसतात.

याहून जुना काळ सिंधू संस्कृतीचा. सिंधमध्ये चन्हुदडो येथे १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांना मणी घडविण्याचा एक कारखानाच सापडला. कराचीजवळ अल्लाहदिनो येथे तर तांबड्या अकिकाच्या ३६ लांब मण्यांचा कमरपट्टा मिळाला. अकीक म्हणजे गारेसारखा कठीण दगड. जोनाथन मार्क केनोयर या संशोधकांनी जुन्या तऱ्हेच्या दगडी सामत्याने त्याला भोक पाडून पाहिले. तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर! एका लांब मण्याला आरपार भोक पाडण्यास कित्येक दिवस लागत असले पाहिजेत. आपण दुकानातून पुडीभर मणी आणतो आणि त्यातला एक घरंगळून कोचाखाली गेला तर वाकतही नाही. त्या काळी एक मणी हरवणे म्हणजे एका माणसाचे कित्येक दिवस हरवणे होते.

अकिकाचे हे काम गुजरातेत खंबायतेस आजही चालते. दगड भाजून तांबडा करतात, फोडतात, घासतात आणि भोक पाडतात. यातले पुष्कळ काम घरोघरी होते. घासताना उडणारी दगडाची बारीक धूळ कारागिराच्या छातीत साठते आणि सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग जडतो. घर आणि कारखाना एकच असल्यामुळे ही धूळ बायकामुलांच्याही श्वासात जाते. घरबसल्या केलेले काम म्हणजे सुखाचे काम, असे म्हणणाऱ्यांनी हे एकदा ध्यानात घ्यावे.

काचेच्या मण्यांनी दागिना गरिबाच्या आटोक्यात आणला. पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे दोन हजार वर्षांपूर्वी काचमणी होत. तापल्या काचेची पोकळ नळी लांब ओढायची, तिचे बारीक तुकडे करायचे आणि पुन्हा शेक देऊन त्यांच्या कडा गोल करायच्या, अशी ती रीत. या जातीचे मणी आपल्या देशातून पार आग्नेय आशियापर्यंत आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेले. आपल्या काळ्या पोतीतला बारीक काचमणी त्यांच्याच नात्यातला.

पुढे इटलीतल्या व्हेनिस शहराने काचमण्यांचा मोठा व्यापार केला. तेथील बारीक मणी एकोणिसाव्या शतकात काठेवाडात येऊ लागले. त्यांतून तिकडच्या बायकांनी तोरणे, चाकळे आणि इंढोण्या अशा घरच्या व लेकीच्या आंदणाच्या वस्तू भरल्या.

आता खुद्द व्हेनिसमध्ये हे मणी कोण ओवत असे? तेथल्या गरीब वस्त्यांतल्या बायका. त्यांना 'इम्पिरारेसे' म्हणत, म्हणजे ओवणाऱ्या. उजेडासाठी त्या गल्लीत खुर्च्या टाकून बसत. मांडीवर लाकडी पसरट भांड्यात मणी घेत. लांब बारीक सुया पंख्यासारख्या हातात धरून मण्यांत खुपसत, म्हणजे एकाच वेळी सगळ्या सुया भरत. मधली एक बाई कारखान्यातून मणी आणून त्यांना वाटून देई, आणि मजुरीतला आपला हिस्सा कापून घेई. मजुरी इतकी तुटपुंजी होती, की १९०४ साली या बायकांनी संप केला. सार्जंट नावाच्या नामांकित चित्रकाराने त्यांचे चित्र काढले. २०२० साली युनेस्कोने काचमण्यांची कला जगाच्या वारशात नोंदवली. मान मिळाला, पण त्या बायकांच्या हयातीनंतर!

आपल्याकडे दागिना गाठवण्याचे काम पटवेकऱ्याचे. सोनाराने वाट्या करून दिल्या, तरी त्याने रेशमात गाठवून दिल्याशिवाय मंगळसूत्र गळ्यात पडत नसे. सोनाराचे नाव घरोघर निघते, पटवेकऱ्याचे कोण काढते? आणि घरी बसून पोत ओवणाऱ्या बाईचे तर त्याहून कोणी काढत नाही.

हा सगळा इतिहास वाचल्यावर मला आपल्या टेबलाची आठवण झाली. समजा, एका माळेचे मणी साठ रुपयांचे. दोरा व फासा दहा रुपयांचा. आपण ती शंभराला देतो आणि तीस रुपये सुटले म्हणून समाधान मानतो. पण ती ओवायला तीन तास लागले असतील, तर तासाला दहाच रुपये पडले. वर घेणारी म्हणते, "घरीच तर केलंय, थोडं कमी करा ना." आणि आपणही भिडेखातर कमी करतो.

घरी केलेले काम हेही कामच असते, हे जगाला मान्य करायला लावणाऱ्या बायका आपल्याच देशातल्या होत्या. इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेस 'सेवा' ही संघटना काढली. घरी बसून विड्या वळणाऱ्या, उदबत्त्या करणाऱ्या आणि कपडे शिवणाऱ्या बायका तिने एकत्र आणल्या. अशा प्रयत्नांतूनच १९९६ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी करार केला. घरी बसून मजुरीने काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, असे त्यात म्हटले आहे.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. यंदापासून प्रत्येक माळेच्या चिठ्ठीवर मण्यांची किंमत आणि ओवणावळ असे दोन आकडे वेगवेगळे लिहावेत. हौसेने कोणाला भेट द्यायची असेल तर खुशाल द्यावी. ती आपली माया. पण विकायची असेल, तर ओवणावळीत घासाघीस होऊ देऊ नये. आणि दुसऱ्या मंडळाच्या विक्रीला गेलो, तर आपणही ती करू नये.